शेवटचा आला की घड्याळ सुरू : साताऱ्यातल्या रविवारच्या ट्रेनिंग राइडचा अनुभव

आधी व्यवहाराचं. तीन महिने, तेरा रविवार, १,८०० रुपये. सायकल आपली, हेल्मेट आपलं, पोह्यांचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. साताऱ्यातल्या एका सायकल दुकानातर्फे ही राइड चालते. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मी रिव्ह्यू लिहिणार म्हटल्यावर राइड घेणारे आमचे सर म्हणाले, "काकू, नुसतं कौतुक लिहिणार असाल तर नाव टाका. तक्रारी पण लिहिणार असाल तर राहू द्या." तक्रारी आहेत. म्हणून राहू दिलं.

मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं वाचताना अंदाज येईल. वय ४६. शाहूपुरीत आमची पिठाची गिरणी आहे. दिवसाचे आठ-नऊ तास उभं राहायचं, डबे उचलायचे, त्यामुळे मला वाटायचं आपला व्यायाम होतोच. फेब्रुवारीत रक्त तपासलं तर साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं म्हणजे व्यायाम नाही. अजिंक्यताऱ्यावर चालायला जाऊन बघितलं, पण तिथे सकाळी जाणाऱ्या निम्म्या बायका माझ्या गिऱ्हाईक. दर वळणावर "अगं, माझी भाजणी झाली का?" मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेल्यापासून त्याची गिअरची सायकल जिन्याखाली पडून होती. ती काढली, पुसली, सीट खाली केली. सायकलवरच्या बाईला निदान कोणी हात करून थांबवत नाही.

या बॅचच्या आधी मी एका फुकटच्या ग्रुपबरोबर चार वेळा गेले होते. "कोणालाही मागे सोडत नाही" असं त्यांनी मेसेजमध्ये ठळक लिहिलेलं. आणि खरंच, सोडायचे नाहीत. पुढे जाऊन थांबायचे. यवतेश्वरला घाटाच्या वर पोरं गाड्या टेकवून बसलेली, फोटो झालेले, चिक्की खाऊन झालेली. मी धापा टाकत पोचले की सगळे टाळ्या वाजवायचे, "वा काकू!" म्हणायचे आणि उठून सायकलवर बसायचे. वीस मिनिटं बसलेले ताजेतवाने आणि मी पोचता क्षणी पुन्हा पायडलवर. चार रविवार असं झाल्यावर माझ्या डोक्यात आलं की या व्यवस्थेत जो सगळ्यात दमलाय, त्यालाच तेवढी विश्रांती मिळत नाही. कुणाची दानत वाईट नव्हती. कुणी हिशोबच केला नव्हता.

म्हणून पैसे भरून जायचं ठरवलं तेव्हा मी दुकानात जाऊन पहिला प्रश्न हाच विचारला: मी वर पोचल्यावर किती वेळ थांबणार? सर म्हणाले, "शेवटचा माणूस आला की घड्याळ सुरू होतं. तिथून आठ मिनिटं." मी तिथेच गुगल पे केलं.

बॅचमध्ये आम्ही बावीस जण. एक सतरा वर्षांचा मुलगा, शर्यतीची तयारी करणारा, त्याची सायकल एका बोटावर उचलता येते. घरून काम करणारे तिघे आयटीवाले. बँकेतून निवृत्तीला आलेले एक साहेब. दोन कॉलेजच्या मुली, त्यातली एक पोलीस भरतीच्या मागे. नवरा-बायकोची एक जोडी, जी दर रविवारी पहिल्या चढापर्यंत एकत्र असायची. आणि मी, पुढे शॉकअब्सॉर्बर असलेल्या जड सायकलवर, ट्रॅक्टरसारख्या नक्षीच्या टायरांसह. एवढ्या तऱ्हेच्या माणसांना एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर, सगळ्यांचा व्यायाम होईल असं चालवायचं, ही या लोकांची सेवा. बाकी टी-शर्ट वगैरे गौण आहे. टी-शर्ट पहिल्या धुण्यात गेला.

पहिल्या रविवारी परीक्षा. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरपर्यंत घाट चढायचा, साधारण पाच किलोमीटर, आणि सर वहीत वेळ लिहिणार. ॲपमध्ये नव्हे, वहीत, याचं मला बरं वाटलं. सतराचा मुलगा १८ मिनिटांत वर. मी ४७ मिनिटं, त्यात दोनदा खाली उतरून. त्या घाटात पहाटे हिल मॅरेथॉनची तयारी करणारे पळत असतात. त्यांतले दोघं माझ्या पुढे निघून गेले. पायी.

मला वाटलं आता तीन गट पाडतील, हळू, मध्यम, जलद, आणि आमचा हळू गट म्हणजे नापासांची तुकडी होणार. तसं केलं नाही. सरांनी गट नाही पाडले, वेळा पाडल्या. पुढच्या रविवारी मला आणि आणखी चौघांना पावणेसहाला सोडलं, मधल्यांना सहाला, पोरांना सव्वासहाला. वर सगळे साधारण एकाच वेळी पोचावेत असा हिशोब. म्हणजे ज्याचं दळण जास्त, त्याने डबा आधी लावायचा. आमच्या धंद्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

यात काय बदललं ते नीट सांगते, कारण या सगळ्या बॅचमधली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. आधी मी घाट चढायचे तेव्हा पुढचा रस्ता रिकामा असायचा. सगळे गेलेले, आपण उरलेलो. आता रस्ता मागे रिकामा होता आणि तिथून कोणीतरी येणार होतं. जूनअखेरचं धुकं, दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, मागचा लाल दिवा लावायची सक्ती. तिसऱ्या वळणावर एका बाजूला डोंगराच्या पाण्याचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसतं पांढरं. आणि मग मागून चेनचा आवाज, बारीक, एका लयीत, शिवणाच्या मशीनसारखा. मी मान वळवली नाही. उगाच जोर लावला. वीस पायडल, तीस पायडल. मग सहाला सोडलेल्यांतला एक मुलगा उजवीकडून "काकू, उजवीकडून येतोय" म्हणत गेला, पण तोपर्यंत यवतेश्वरची घरं आली होती. त्या दिवशी ४१ मिनिटं. घाट तोच, पाय तेच.

आणि जी पोरं लवकर वर पोचतात त्यांना सर बसू देत नाहीत. दोन वळणं खाली जायचं आणि परत चढायचं, शेवटचा माणूस येईपर्यंत. त्यामुळे माझी वाट बघणं हा त्यांच्यावरचा उपकार राहिला नाही, त्यांच्या ट्रेनिंगचा भाग झाला. वर-खाली करताना ते माझ्यासमोरून जायचे, "अजून दोन वळणं काकू" सांगायचे. नेहमी दोनच सांगायचे, हे खोटं आहे, पण चालतं.

सपाटीचं गणित वेगळं. कोरेगाव रस्त्याला, माहुलीचा कृष्णेचा पूल ओलांडला की सरांनी आम्हाला दोन-दोनच्या ओळीत लावलं. पुढच्याच्या मागच्या चाकामागे आपलं पुढचं चाक, जवळ. नवीन माणसाने एक सायकल अंतर ठेवायचं, सवय झाली की कमी करायचं. सपाटीला पंचवीसच्या वेगाने असं मागे राहिलं तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, कारण वारा पुढचा माणूस कापतो. हे मी ऐकून होते. अनुभव वेगळाच. जणू कोणी सायकलला मागून हात लावलाय. जरा बाजूला सरकले की छातीवर वाऱ्याची थाप, परत मागे आले की शांत. घाटात याचा काही उपयोग नाही, सातच्या वेगाला वारा आपल्याला काय अडवणार. म्हणून सरांचं धोरण सरळ: चढावर वेळा वेगळ्या, सपाटीला सगळे एकत्र. सपाटीला दणकट पोरांनी पुढे वारा खायचा, आमच्यासारख्यांनी मागे राहायचं. पावसाळ्यात कोरेगावहून साताऱ्याला येताना वारा नेमका तोंडावर असतो, पश्चिमेचा. त्यामुळे परतीलाच कोणाच्यात किती दम आहे ते कळतं.

एकत्र चालवण्यातली मेख गतिरोधकांत आहे. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या तोंडाशी दोन आणि शेपटाशी दोन. पुढचा माणूस गतिरोधक ओलांडतो आणि लगेच वेग धरतो. तेव्हा मागचे अजून ब्रेक दाबतायत. मग दुसऱ्याला जरा पळावं लागतं, पाचव्याला जास्त, आणि अकराव्या जोडीतल्या मला जीव खाऊन. पुढच्याला वाटतं आपण एकाच वेगात चाललोय. मागे मात्र नुसती रबराची ताणाताणी. सरांचा नियम: शेवटचा गतिरोधक ओलांडून सगळ्यात मागचा माणूस "आलोऽऽ" म्हणून ओरडत नाही, तोवर पुढच्याने वेग वाढवायचा नाही. पहिले दोन रविवार पोरांना ओरडायची लाज वाटली. मला नाही वाटली. गिरणी चालू असताना रोज ओरडूनच बोलते मी.

खड्डा आला की पुढच्याने हात खाली करून बोट दाखवायचं आणि "खड्डा" म्हणायचं, ते साखळीसारखं मागे यायचं. एका रविवारी माहुलीच्या पुढे एवढे खड्डे होते की सगळे सलग तेच म्हणत होते, शेवटी बँकेचे साहेब म्हणाले, "रस्ता आला की सांगा."

मेढा रस्त्याला तिसरीच युक्ती. मोळाच्या ओढ्यापासून सगळे एकदम निघायचं, ज्याला जेवढं जायचं तेवढं जा, पण सात दहाला जिथे असाल तिथून मागे फिरायचं. सगळ्यांच्या मोबाइलला गजर. पोरं मेढ्याच्या दिशेने कुठल्या कुठे, मी कोंडव्याच्या थोडी पुढे. गजर झाला, वळलो. आता बघा, मी सगळ्यात पुढे आणि पोरं मागे, आणि त्यांना मला गाठायचंय. ओढ्यावर सगळे पाच मिनिटांच्या आत. कोणाला कोणासाठी थांबावं लागलं नाही. कोणी ही साधी गोष्ट मला आधी का सांगितली नाही, असं झालं मला.

आता शेपूट. ग्रुपमध्ये सगळ्यात मागे एक माणूस असतो, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. आमचे शेपूट म्हणजे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले एक काका. ते माझ्या मागे दोन सायकलींच्या अंतराने यायचे आणि कधीच "चला, चला" म्हणायचे नाहीत. घाटाच्या पहिल्या वळणाआधी मात्र एवढंच: "ताई, गिअर आत्ता खाली घ्या. गाडी मरायला लागल्यावर नाही." मी आधी काय करायचे, पाय जड झाले की गिअर बदलायला जायचे, चेन करकर वाजायची आणि कधी कधी सुटायची. पहिला गिअर टाकायला मला लाज वाटते हे त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "लाल डबा भरून घाटात घातला की आम्ही पण पहिलाच टाकत होतो. प्यासिंजर खाली उतरून हसत न्हवतं." सरांनी मला कॅडन्स (मिनिटाला पायडलचे किती फेरे), वॅट (पायांची ताकद), झोन टू हे सगळं चार वेळा समजावलं. झोन टू म्हणजे दम लागला पाहिजे पण बोलता आलं पाहिजे. काकांनी त्याचं भाषांतर केलं: "भांडता आलं पाह्यजे, गाता येऊ नये." तेव्हापासून मी सपाटीला मनात नवऱ्याशी भांडून बघते. जमलं तर वेग बरोबर.

यांच्यासारखा माणूस शेपटाला असणं, यावर या सेवेचं निम्मं यश आहे. आणि ते बॅचच्या फीमध्ये लिहिलेलं नाही. काका हौसेने येतात. ज्या दिवशी ते नव्हते त्या दिवशी काय झालं ते आता.

सातवा रविवार. सर स्वतः २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडला गेलेले, ती साडेतेरा तासांत पुरी करावी लागते, त्यामुळे दिवसभर नाहीत. काकांच्या घरी कसलंसं कार्य. राइड एका आयटीवाल्या मुलाच्या हाती. मार्ग: कोरेगाव, तिथून रहिमतपूर, आणि त्याच वाटेने परत. कोरेगावला सरळ गेलं तर पुसेगाव, रहिमतपूरला वळावं लागतं. मी मागे पडले होते, पाऊस होता, चष्म्यावर थेंब. चौकात आमच्यातलं कोणी नव्हतं. रस्ता सरळ दिसला, मी सरळ गेले. चार-पाच किलोमीटर गेल्यावर शंका आली. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीत पाणी. टपरीवर एका आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "सायकलवाली पोरं व्हय? ती रहिमतपूरच्या अंगाला गेली की मघाशीच. तुम्ही त्यातल्या हाय का?" त्यातल्या हाय का, या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता आलं नाही.

परत फिरले. कोरेगाव ते सातारा वीसेक किलोमीटर, एकटी, तोंडावर वारा, पुढे वारा कापायला कोणी नाही. घरी पोचले तेव्हा साडेअकरा. ग्रुपवर रहिमतपूरच्या मिसळीचे नऊ फोटो. मी नाही, हे त्यांना मिसळ संपल्यावर कळलं होतं. मग अकरा मिस्ड कॉल. त्या दिवशी मी बॅच सोडणार होते.

संध्याकाळी सरांचा फोन आला. ब्रेव्हे संपवून, आवाज बसलेला. त्यांनी सबब सांगितली नाही, याचे गुण देते. मी म्हटलं, एका रविवारचे १३८ रुपये परत द्या. पैसे दिले नाहीत, चाकाची एक ट्यूब दिली. पण पुढच्या रविवारपासून दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, प्रत्येक फाट्यावर त्या क्षणी सगळ्यात पुढे असलेल्याने थांबायचं, हात दाखवत उभं राहायचं, आणि शेपूट पोचल्याशिवाय हलायचं नाही. मग तो शेवटी येतो, पुढच्या फाट्यावर दुसरा थांबतो. जलद पोरांना हे आवडलं, कारण मागून येऊन पुन्हा पुढे जायला मोकळं रान मिळतं. दोन, निघताना आणि प्रत्येक थांब्यावर आकडे मोजायचे, शाळेच्या सहलीसारखे. माझा नंबर बावीस. हे पहिल्या रविवारीच असायला हवं होतं. माझ्यावर प्रयोग करून शिकायची गरज नव्हती.

उताराबद्दल दुसरी मोठी तक्रार. चढायचं पहिल्या दिवसापासून शिकवलं, उतरायचं पाचव्या रविवारी. मधल्या चार रविवारी मी यवतेश्वरचा घाट दोन्ही ब्रेक घट्ट आवळून उतरले, खाली येईतो बोटं उघडत नव्हती. पावसाळ्यात त्या रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं, वळणांवर बारीक खडी वाहून आलेली असते. ज्यांच्या सायकलचे ब्रेक चाकाच्या कडेला घासतात त्यांना ओल्यात आधी पाणी पुसलं जाईपर्यंत ब्रेक लागतच नाही. माझ्या सायकलला डिस्क आहेत, म्हणून वाचले. एवढं तरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं: वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात ब्रेक आवळू नको, नजर बाहेर पडायच्या रस्त्यावर ठेव. दोन वाक्यांचं काम.

चौथ्या रविवारी एका पोराने मला वळणात डावीकडून, आतल्या बाजूने, न सांगता ओलांडलं. मी दचकले, सायकल हलली, पडले नाही. खाली आल्यावर मी त्याला गिरणीच्या आवाजात बोलले. सरांनी त्याला पुढचे दोन रविवार शेपटाला काकांच्या जोडीला टाकलं. पहिल्या रविवारी तो तोंड पाडून कानात गाणी घालून माझ्या मागे आला, अख्खा घाट एक शब्द नाही. दुसऱ्या रविवारी माझी चेन सुटली तेव्हा मी उतरायच्या आत त्याने बसवली होती, आणि हात माझ्याच रुमालाला पुसले. तेव्हापासून उतरताना तो मोठ्याने ओरडून जातो. गाणी अजून कानात असतात, ते काही सुटलं नाही.

बाकीच्या तक्रारी भराभर सांगते. सहा म्हणजे सहा वाजून बारा मिनिटं. मार्गाचा मेसेज शनिवारी रात्री साडेदहाला येतो, तोपर्यंत मी झोपलेली असते. त्या ग्रुपवर शुभ सकाळ आणि गुलाबाची फुलं एवढी येतात की मार्ग शोधायला वर वर सरकवत बसावं लागतं. सामानाच्या पिशवीतला पंप फक्त बारीक व्हॉल्व्हचा होता, माझ्या सायकलला मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह आहे. कण्हेरच्या अलीकडे पंक्चर झालं तेव्हा बावीस जणांत माझ्या चाकात हवा भरू शकेल असं कोणी नव्हतं. मिसळीच्या बॅचला मिसळीचं सामान हवं. आता दोन्ही तोंडांचा पंप घेतलाय, मीच पाठपुरावा केला. मलमाची ट्यूब वाळलेली होती, तीही बदलली.

आणि एक गोष्ट जी पुरुषांच्या रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही. चार तासांच्या राइडमध्ये बायकांनी जायचं कुठे, याचा विचार कोणी केला नव्हता. पुरुष कुठेही थांबतात. त्या दोन मुली घरी परत जाईपर्यंत पाणीच प्यायच्या नाहीत, हे मला तिसऱ्या रविवारी कळलं, त्यातल्या एकीला चक्कर आली तेव्हा. मी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते कानापर्यंत लाल झाले. पण पुढच्या शनिवारपासून मेसेजमध्ये मार्गावरचा धड बाथरूम असलेला पेट्रोलपंप नाहीतर हॉटेल लिहून यायला लागलं. मिश्र ग्रुप चालवायचा म्हणजे फक्त वेग मिश्र नसतो.

टायरांचा सल्ला मात्र सोन्यासारखा. आठव्या रविवारी सरांनी सांगितलं, काकू, हे नक्षीचे टायर मातीसाठी असतात, डांबरावर तुम्ही उगाच ओझं ओढताय. गुळगुळीत टायर घातले, २,२०० रुपये. दुकान त्यांचंच आहे, त्यामुळे मला संशय आला होता. पण पहिल्याच दिवशी सपाटीला सायकलचा तो घूंऽऽ असा आवाज गेला आणि माझं अंतर ठेवणं सोपं झालं. मी पैसे वसूल मानते.

शेवटची राइड कास तलाव. सातारा ते तलाव साधारण पंचवीस किलोमीटर. कासचं पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि आता फुलांच्या मोसमातला रविवार म्हणजे त्या रस्त्यावर नुसत्या गाड्याच गाड्या. म्हणून सरांनी ती ऑगस्टअखेरच घेतली आणि आम्हाला पहाटे पाचला सोडलं. हा निर्णय शंभर टक्के बरोबर. यवतेश्वर ३६ मिनिटं. पुढे पेट्री, गणेशखिंड, सगळं ढगात. फुलं नुकती सुरू होत होती, रस्त्याकडेला पांढरी कुठली कुठली, नावं मला येत नाहीत. तलावाशी पोचले तेव्हा माझ्या आधी सहा जण होते आणि बाकीचे मागे. पहिल्यांदाच मी पायरीवर बसून दुसऱ्यांची वाट बघितली. चांगली थंडी वाजते हो बसून. त्या फुकटच्या ग्रुपमधल्या पोरांचा थोडा राग कमी झाला. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, बँकेच्या साहेबांनी कंदी पेढे आणलेले. शेवटचे आले नवरा-बायको, या वेळी एकत्र. काकांनी आकडा घेतला, बावीस. सरांनी घड्याळ लावलं, आठ मिनिटं, आणि त्या दोघांना आधी बसायला जागा करून दिली.

कोणी जावं? ज्याला नुसतं वेगात जायचंय त्याने इथे पैसे घालू नयेत, त्याला पुण्यात चांगले कोच मिळतील. आमच्या सतराच्या मुलाचीही मधूनमधून चुळबुळ चालायची, त्याला सरांनी बुधवारी वेगळं बोलावलं तेव्हा तो टिकला. ज्याला ग्रुपमध्ये जायचंय पण मागे पडायची भीती आहे त्याने जावं. गुडघे दुखत असतील तर आधी सीटची उंची तपासून घ्या, ती ते फुकट तपासून देतात.

पाचपैकी साडेतीन. अर्धा कोरेगावचा, अर्धा उताराचा, अर्धा वेळ न पाळण्याचा. काकांना पाचपैकी पाच, पण ते वेगळे मोजायची सोय नाही.

पुढची बॅच ऑक्टोबरात. मी पैसे भरलेत. सरांना एवढंच विचारलंय की कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना कोरेगाव रस्त्याला असतात, तेव्हा अंधारात सोडणार आहात का. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. घरचीही सोय करावी लागली. रविवारी सकाळी गिरणीवर सगळ्यात जास्त गर्दी आणि आमच्या ह्यांनी तेरापैकी तीन रविवार बाजरीच्या मागोमाग गहू तसाच टाकला. राखाडी पोळ्यांबद्दल शेजारच्या वहिनी अजून बोलतात. आता रविवारपुरता एक मुलगा ठेवलाय आणि बाजरीचे डबे वेगळ्या फळीवर.